हजेरीपटावरचं प्रत्येक पोर आपलं: खान्देशातल्या मुख्याध्यापकांसाठी वर्षभराची आखणी

अहिराणी, पावरी, भिली, मावची, लेवा गणबोली, गुजरी, गोरबोली, उर्दू. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतल्या शाळांमध्ये मुलं इतक्या बोली घेऊन येतात. कुणाचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, कुणी कपाशीच्या वेचणीत अडकतं, कुणी नाला ओलांडून पाड्यावरून चालत येतं. अशा शाळेत प्रत्येक मुलाला ‘ही माझी शाळा’ वाटावं, हे काम परिपाठातल्या भाषणाने होत नाही. हजेरी कशी घेतली जाते, खिचडी कोण वाढतं, पाणी कुठून प्यायचं, पालकसभा किती वाजता आहे, अशा रोजच्या व्यवस्थेतून ते होतं, आणि या सगळ्या गोष्टी मुख्याध्यापकाच्या हातातल्या आहेत. पुढची आखणी शाळेच्या वर्षाप्रमाणे, जूनपासून दिली आहे.

जून: गप्प मुलांची यादी

शाळा उघडल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत प्रत्येक वर्गशिक्षकासोबत वीस मिनिटं बसा. समोर हजेरीपट आणि एक साधी वही. प्रत्येक नावापुढे चार गोष्टी लिहायच्या: घरी कोणती बोली बोलतात, मूल कोणाजवळ राहतं (आईवडील, आजी, वसतिगृह), शाळेत कसं येतं, आणि गेल्या वर्षी कोणत्या महिन्यात जास्त गैरहजर होतं. पाचवा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. शिक्षकाला विचारा, ‘गेल्या आठवड्यात हे पोर तुमच्याशी स्वतःहून काय बोललं?’

हा रकाना भरताना बहुतेक शिक्षक थांबतात. हुशार मुलांचं आठवतं, खोडकरांचंही आठवतं. तीस-पस्तीसच्या पटात पाच-सात नावं मात्र अशी निघतात की त्यांच्याबद्दल काहीच सांगता येत नाही. ती त्रास देत नाहीत, मागे बसतात, विचारलं तर मान हलवतात. वर्षभराच्या कामाची सुरुवात या यादीपासून करायची. यादी वर्गात लावू नका, शिक्षकदालनात उघडी ठेवू नका. शिक्षकाला सांगायचं एवढंच की यातल्या एका मुलाशी रोज दोन मिनिटं बोला आणि ते अभ्यासाबद्दल नको. ‘बकरीला किती पिल्लं झाली?’ हा प्रश्न चालेल. पंधरा दिवसांनी पाचवा रकाना पुन्हा भरा.

याच काळात नावं तपासा. आदिवासी मुलांची नावं शाळेत येताना अनेकदा बदललेली असतात. लिहिणाऱ्याला नीट ऐकू आलं नाही किंवा त्याने ‘शुद्ध’ करून लिहिलं. त्यातच जन्मतारखेला सरसकट १ जून पडलेली. पुढे आधार, जनरल रजिस्टर (शाळेची प्रवेशाची कायम नोंदवही) आणि जातीचा दाखला यांत मेळ बसत नाही आणि शिष्यवृत्ती अडकते. जूनमध्येच तिन्ही कागद शेजारी ठेवून ताडून पाहा, फरक असेल तर रीतसर प्रस्ताव पाठवा आणि जनरल रजिस्टरमध्ये परस्पर खाडाखोड करू नका. वर्गात मात्र मुलाला त्याच्या घरच्या नावाने, घरच्या उच्चाराने हाक मारायला आडकाठी नाही. पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलाकडून नाव उच्चारून घ्या आणि आपण चुकलो तर त्याच्याकडून दुरुस्त करून घ्या. मुलाला ते फार आवडतं.

एक सवय मात्र आजच बंद करण्यासारखी आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज आले की अनेक ठिकाणी वर्गात हाक जाते, ‘एस्सी-एस्टीची मुलं उभी राहा.’ कुणाचा वाईट हेतू नसतो, घाई असते. पण त्या अर्ध्या मिनिटात वर्ग दोन भागांत विभागला जातो आणि ती विभागणी दहावीपर्यंत पुसत नाही. कार्यालयात नावांची यादी काढा, घडी केलेल्या चिठ्ठ्या करा आणि वर्गशिक्षकाने त्या वह्या परत देताना वहीत घालून द्याव्यात. वेळ फार तर दहा मिनिटं जास्त लागतो.

प्रवेशाबाबत नियम स्पष्ट आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणूनही मूल बाहेर ठेवता येत नाही. मूल आधी वर्गात बसवा, कागद मागून आणा. वय दहा आणि शाळा कधीच पाहिलेली नाही, अशा मुलाला पहिलीत न बसवता वयानुरूप वर्गात घ्यायचं आणि वेगळं विशेष प्रशिक्षण द्यायचं, हेही याच कायद्यात आहे.

जुलै: बोली

इथे जास्त वेळ द्या, कारण गप्प मुलांपैकी निम्म्यांची गाठ इथे असते.

दुसरीच्या वर्गात बाई विचारतात, ‘तुझी आई कुठे गेली?’ मुलगी म्हणते, ‘मन्ही माय वावरमा गयी.’ मागून दोघं हसतात. बाई म्हणतात, ‘असं नाही म्हणायचं, शुद्ध बोल.’ मुलीने बरोबर उत्तर दिलं होतं. प्रश्न तिला समजला होता, वाक्य पूर्ण होतं, घरी बोलतात तसंच ती बोलली होती. तिला मात्र कळलं ते एवढंच की आपण तोंड उघडलं की चूक होते. पुढच्या वेळी ती मान हलवेल.

याऐवजी शिक्षकाने करायचं ते असं. उत्तर बोलीत घ्यायचं, आधी आशयाला दाद द्यायची, मग तेच वाक्य प्रमाण मराठीत सहज परत म्हणायचं आणि लगेच पुढचा प्रश्न विचारायचा: ‘अच्छा, तुझी आई वावरात गेली. निंदायला गेली का?’ मुलाकडून ते वाक्य घोकून घ्यायचं नाही. पहिली-दुसरीत दिवाळीपर्यंत एवढं नेटाने केलं तरी मुलं स्वतःहून दोन्ही भाषांत बोलू लागतात. लिखाणातही पहिल्या सत्रात बोलीतला शब्द लाल शाईने खोडू नका, वर पेन्सिलने मराठी शब्द लिहा. मातृभाषेतून शिकणं ही मेहेरबानी नव्हे. शक्य तिथवर शिक्षणाचं माध्यम मुलाची मातृभाषा असावी, असं शिक्षण हक्क कायद्याच्या २९ व्या कलमातच म्हटलं आहे.

साहित्य लागतं ते थोडं. एका कार्डशीटवर रोजच्या वापराचे शंभर शब्द दोन रकान्यांत लिहा, डावीकडे बोली, उजवीकडे मराठी. ते शब्द मुलांच्या आयांकडून आणि आज्यांकडून घ्या, पुस्तकातून नको. बदलून आलेल्या शिक्षकाला, मग तो बीडचा असो की कोल्हापूरचा, हा तक्ता पहिल्याच दिवशी द्या. आठवड्यातून एकदा गावातली एक आजी अर्धा तास गोष्ट सांगायला बोलवा, तिच्याच बोलीत.

आणखी एक थर लक्षात ठेवा. शिरपूर-चोपड्याकडे शिक्षक अहिराणीला हसतो आणि अहिराणी बोलणारी मुलं पावरीला हसतात. अहिराणीला मान दिला म्हणजे काम झालं, असं समजू नका. वर्गात जी बोली दोनच मुलांची आहे, तिचे शब्द फळ्यावर आधी आले पाहिजेत.

मैत्रीची चिठ्ठी

जुलैच्या शेवटी, मुलं एकमेकांना ओळखू लागल्यावर, तिसरीपासून वरच्या वर्गांत हे करा. प्रत्येकाने कोऱ्या चिठ्ठीवर स्वतःचं नाव आणि ‘मला कोणाशेजारी बसायला आवडेल’ अशी तीन नावं लिहायची आणि घडी करून डब्यात टाकायची. ज्याला लिहिता येत नाही तो शिक्षकाच्या कानात सांगेल. नंतर कार्यालयात बसून प्रत्येक मुलाचं नाव किती चिठ्ठ्यांत आलं ते मोजा. ज्यांचं नाव एकाही चिठ्ठीत नाही त्यांना जूनच्या यादीशी ताडून पाहा. काही नावं दोन्हीकडे असतील. काही अगदी नवी निघतील: पहिल्या बाकावरची, उत्तरं देणारी, पण कुणी मित्र नसलेली.

उपाय म्हणजे जागा. शून्य आलेल्या मुलाला त्याने स्वतः लिहिलेल्या तिघांपैकी एकाशेजारी बसवा आणि दोघांना मिळून करायचं काम द्या, बागेला पाणी घालणं किंवा ग्रंथपेटीतली पुस्तकं वाटणं. सहा आठवड्यांनी पुन्हा चिठ्ठी. दोन चुका टाळायच्या: चिठ्ठ्या वर्गात वाचून दाखवायच्या नाहीत, आणि ‘कोण आवडत नाही’ हे कधीही विचारायचं नाही. तो प्रश्न विचारला की वर्गात आधी नसलेली भांडणं तयार होतात.

खिचडी आणि पाणी

शाळेत भेदभाव आहे की नाही हे पाहायचं असेल तर मधल्या सुट्टीत दहा मिनिटं रांजणाजवळ उभे राहा. कोण स्वतः ओगराळं बुडवतं आणि कोण ओंजळ पुढे करून थांबतं, ते बघा. एखादी मुलगी दोन्ही हात जोडून वाकली आहे आणि दुसरी वरून पाणी ओततेय, असं दिसलं तर काय चाललंय ते वेगळं सांगावं लागत नाही. मुलं हे घरून शिकून येतात, त्यांना रागावून उपयोग नाही. रांजणाच्या जागी नळाची टाकी बसवा. शाळा अनुदानातून किंवा ग्रामपंचायतीच्या मदतीने टाकी आणि तीन-चार तोट्या होऊन जातात, आणि ओगराळ्याचा प्रश्न तिथेच मिटतो.

पंगतीसाठी हे ठरवून घ्या. बसण्याचा क्रम हजेरी क्रमांकाप्रमाणे, दर सोमवारी क्रमांक पाचने पुढे सरकवायचा. वाढायला दर आठवड्याला चार मुलं, तीही क्रमांकानेच. शिक्षक निवडू लागला की तीच ती मुलं वाढपी होतात. ताटं सगळी शाळेची. घरून ताट आणणारा गट तयार झाला की त्यामागचं कारण शोधा. पहिलं वाढप सगळ्यांना एकाच मापाच्या डावाने. पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी, सहावी ते आठवीला १५०, ३० आणि ७५ ग्रॅम, हे कच्च्या धान्याचं प्रमाण आहे. शिजल्यावर तांदळाचं वजन अडीच-तीन पट होतं, त्या हिशेबाने डाव एकदा काट्यावर मोजून ठरवा. शेवटच्या रांगेपर्यंत भाजी पोहोचत नाही ही तक्रार बहुतेक वेळा मापाच्या डावानेच सुटते. चवीच्या नोंदवहीत सही करायच्या आधी खरंच दोन घास खा, आणि आठवड्यातून दोन दिवस मुलांच्या पंगतीत बसा, दर वेळी वेगळ्या रांगेत.

स्वयंपाकीण अमुक जातीची आहे म्हणून कुणी पालक मुलाला जेवू देत नसतील, तर स्वयंपाकीण बदलू नका आणि डब्याची वेगळी पंगतही मांडू देऊ नका. शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांना त्याच आठवड्यात जेवायला बोलवा, पहिल्या पंगतीत स्वतः बसा, मग त्या घरी जाऊन बोला. बोलताना आवाज चढवू नका, पण अस्पृश्यता पाळणं घटनेच्या १७ व्या कलमाने बंद झालं आहे आणि १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे, हे स्पष्ट सांगा.

चिडवणं, मारामारी, तक्रार

रंग, आडनाव, बोली, फाटका गणवेश, डोळ्यांचा पिवळेपणा, यांवरून चिडवणं चालतंच. ‘मुलंच ती’ म्हणून सोडलं की तेच मूल आठवड्याभरात शाळा बुडवू लागतं. क्रम असा ठेवा. त्याच दिवशी, आधी ज्याला त्रास झाला त्याच्याशी एकट्याशी बोला. मग ज्यांनी पाहिलं त्यांच्याशी. शेवटी चिडवणाऱ्याशी, तेही एकट्याशी. तिघांचं म्हणणं तारखेसह वहीत लिहा. चिडवणाऱ्याने काय भरून द्यायचं ते ठरवा: फाडलेलं पुस्तक चिकटवणं, एक आठवडा त्या मुलासोबत झाडांना पाणी घालणं, आणि तेही त्रास झालेलं मूल हो म्हणालं तरच. मग तिसऱ्या, दहाव्या आणि एकविसाव्या दिवशी त्या मुलाला पुन्हा विचारा. बहुतेक शाळांत पहिला दिवस नीट होतो, दहावा होत नाही, आणि त्रास तिथूनच परत सुरू होतो. परिपाठात सगळ्यांसमोर हात मिळवायला लावणं टाळा. त्रास झालेल्या मुलाची लाज दुप्पट होते.

छडी हा मार्ग नाहीच. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आहे. उन्हात उभं करणं, वर्गाबाहेर काढणं, जातीवरून किंवा घरच्या धंद्यावरून टोमणे मारणं, हे सगळं त्यात येतं.

तक्रारपेटी कार्यालयाच्या दारात ठेवू नका, तिथे कोणी चिठ्ठी टाकत नाही. पाणी पिण्याच्या किंवा स्वच्छतागृहाच्या वाटेवर, लहान मुलाच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर लावा. चित्र काढूनही तक्रार करता येईल असं मुलांना सांगा. पेटी दर शनिवारी एक शिक्षिका आणि समितीतली एक आई यांच्यासमोर उघडा, आणि कोणाचं नाव न घेता, काय केलं ते सोमवारी सूचनाफलकावर लिहा. उत्तर मिळालं नाही तर तिसऱ्या आठवड्यापासून पेटी रिकामीच निघते.

लैंगिक अत्याचाराचा नुसता संशय आला तरी २०१२ च्या पोक्सो (बालकांचं लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण) कायद्याखाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. शाळेने चौकशी करायची नाही, मुलाला पुन्हा पुन्हा विचारायचं नाही, गावात बैठक घेऊन मिटवायचं तर अजिबात नाही. मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या, ओळख गुप्त ठेवा. मदतीसाठी बालकांची हेल्पलाइन १०९८ आहे.

दिव्यांग मुलं आणि सिकलसेल

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि त्यांतले बरेचसे डोळ्यांना दिसत नाहीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्याआधी वर्गशिक्षकाकडून कच्ची यादी करून ठेवा: फळ्यावरचं वहीत चुकीचं उतरवणारा, हाक मारल्यावर न बघणारी, तोंडी सगळं येतं पण लिहिता येत नाही असा. पथक थोड्या वेळात शेकडो मुलं बघतं. यादी हातात असेल तर नेमकी मुलं सुटत नाहीत.

रॅम्पचा उतार १:१२ हवा. जोतं ४५ सेंटीमीटर उंच असेल तर रॅम्प ५.४ मीटर लांब आला पाहिजे. जागा नाही म्हणून दोन-अडीच मीटरमध्ये उरकलेला रॅम्प चाकाच्या खुर्चीला धोक्याचा. दरवाजा किमान ९० सेंटीमीटर. कमी ऐकू येणाऱ्या मुलासाठी शिक्षकाने फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही, एवढी सवय लावली तरी मोठा फरक पडतो. दहावीला लेखनिक आणि तासाला २० मिनिटं जास्तीचा वेळ मिळतो, पण प्रमाणपत्राची धावपळ नववीतच सुरू करा.

सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल हा रक्तातल्या तांबड्या पेशींचा आजार आहे आणि मुख्याध्यापकाला त्याची माहिती हवीच. राष्ट्रीय निर्मूलन मोहीम २०२३ मध्ये सुरू झाली, तपासणी आरोग्य केंद्रात होते. हा आजार आनुवंशिक आहे, शेजारी बसून होत नाही, हे वर्गाला सांगा, कोणत्याही मुलाकडे बोट न दाखवता. आजारी मुलाला तासातही पाणी प्यायची आणि लघवीला जायची मोकळीक द्या. मार्च-एप्रिलच्या उन्हात धावायला लावू नका, कडाक्याच्या थंडीत परिपाठाला उघड्यावर बसवू नका. हातपाय असह्य दुखू लागले, ताप आला किंवा धाप लागली तर पालकांची वाट न बघता दवाखान्यात न्या. अशा मुलांच्या गैरहजेरीला आळस म्हणू नका.

पालकांना शाळेत आणणं

शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात, वंचित गटांना प्रमाणात जागा हव्यात. कागदावर हे असतं. सभेत आया बोलत नाहीत, कारण सभा सकाळी अकराला, म्हणजे मजुरीच्या वेळेला. संध्याकाळी सातनंतर किंवा आठवडे बाजाराच्या दिवशी घ्या. दोन महिन्यांतून एकदा पाड्यावरच घ्या. खुर्च्या काढा, सगळे सतरंजीवर बसू द्या. पुरुष खुर्चीवर आणि बाया खाली असतील तर बोलणार कोण, ते आधीच ठरतं. निमंत्रण लेखी न देता बोलीतला आवाजी संदेश पाठवा. पहिला विषय मुलांनी केलेलं काहीतरी दाखवण्याचा ठेवा आणि तक्रारीचा विषय त्या दिवशी काढूच नका.

सप्टेंबर ते एप्रिल: स्थलांतर

इथे चूक वेळेची होते. शाळा दिवाळीनंतर धावपळ करते, ऊसतोडीच्या मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) मात्र पावसाळ्यातच घेतलेली असते आणि कोयत्याचा, म्हणजे तोडणाऱ्या जोडीचा, हिशेब ठरलेला असतो. म्हणून घरी जायचं ते ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. एकच प्रश्न विचारायचा: पोराला कोणाजवळ ठेवता येईल? आजी-आजोबा, मामा, वसतिगृह. आजी तयार असेल तर तिला जेवणाचा आणि आजारपणाचा भरवसा लागतो. हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव नावांच्या यादीसह आणि पालकांच्या संमतीसह तेव्हाच पाठवा.

जाणाऱ्या मुलाला शिक्षण हमी पत्रक द्या. त्यात इयत्तेबरोबर ‘जोडाक्षरं वाचतो, हातच्याची बेरीज येते, भागाकार नाही’ असं नेमकं लिहा, म्हणजे बारामतीकडच्या असो की बारडोलीच्या, तिथल्या शिक्षकाला कुठून सुरू करायचं ते कळेल. मुकादमाचा आणि एका नातेवाइकाचा फोन लिहून ठेवा. पंधरा दिवसांतून एकदा वर्गाने त्या मुलाला फोन करावा, आवाज पुरेसा आहे. हजेरीपटातून नाव काढू नका. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही.

होळीला काही कुटुंबं परततात, बाकीची एप्रिल-मेमध्ये. परत आलेल्या मुलाला वर्गासमोर ‘कुठं होतास इतके दिवस?’ विचारू नका. त्याची जागा, वही, पेन्सिल तयार ठेवा. पहिले तीन दिवस चाचणी नको. जाताना लिहिलेलं पत्रक काढा, विसरलेलं बघा आणि रोज एक तास वेगळा द्या. ऊस किती टन निघाला, गाडीत किती मोळ्या बसतात, हे त्याला वर्गापेक्षा जास्त माहीत असतं. गणिताचा तास तिथून सुरू करा.

शिक्षकांचंही

शिक्षणसेवक, लांबून बदलून आलेली शिक्षिका, स्वयंपाकीण, मदतनीस, यांना शाळेत कसं वागवतात ते मुलं रोज बघतात. चहाचे कप एकसारखे ठेवा. स्वयंपाकिणीला मुलांनी मावशी म्हणावं आणि शिक्षकांनीही. प्रत्येक शिक्षकाला महिन्यातून पंधरा मिनिटं एकट्याने भेटा आणि विचारा, ‘कोणत्या पोराचं काय करावं सुचत नाही?’ उत्तर लगेच द्यायची घाई नको, वहीत नोंद करा.

आणि बदली होण्याआधी ती वही पुढच्या मुख्याध्यापकाच्या हातात द्या. कोणतं मूल कोणत्या महिन्यात जातं, कोणाची आजी सांभाळायला तयार झाली, कोणाला सिकलसेल आहे, कोणती दोन घरं एकमेकांशी बोलत नाहीत, कोणत्या मुलाची दहाव्या दिवसाची विचारपूस बाकी आहे. प्रभार यादीत कपाटं, टेबलं, तांदळाची पोती मोजून लिहिली जातात. त्या यादीत ही वही एक नंबरला लिहा आणि सही घ्या.